मोठा जुना रोटेटर कफ टेअर, सगळे पर्याय आणि पुण्यातल्या एका शोल्डर युनिटचा रिव्ह्यू (आईचं ऑपरेशन)

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. आईच्या उजव्या खांद्याचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) फाटले होते, यालाच रोटेटर कफ टेअर म्हणतात, आणि त्यासाठी तिचं रिव्हर्स शोल्डर रिप्लेसमेंट म्हणजे कृत्रिम सांधा बसवायचं ऑपरेशन झालं, वय ६९, शुगर आहे. आता हात डोक्याच्या वर जातो आणि रात्री झोप लागते. पण मी एवढे मार्क देतेय ते ऑपरेशनच्या आधी त्या लोकांनी जे काय तपासलं, दाखवलं आणि समजावलं त्यासाठी, कारण या दुखण्यात सगळा खेळ तिथेच ठरतो असं माझं पक्कं मत झालंय. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मला कोणाची जाहिरात करायची नाही आणि काही तक्रारी पण आहेत त्या मोकळेपणाने लिहायच्यात. पुण्यात खांद्याचं काम करणारे चांगले सर्जन बरेच आहेत, त्यातला आपला कसा ओळखायचा एवढं यातून कळलं तरी पुरे.

आईचं सदाशिव पेठेत पोळीभाजी केंद्र होतं, म्हणजे अजून आहे पण आता वहिनी बघते. तीसेक वर्षं लाटणं, कणकेच्या पराती, वरच्या फळीवरचे डबे. खांदा दुखायला लागून कितीतरी वर्षं झाली आणि ज्याला विचारावं तो म्हणायचा फ्रोझन शोल्डर आहे, शुगरवाल्यांना होतोच, शेक द्या. तेल झालं, शेक झाला, इंजेक्शनंही झाली. मग गेल्या वर्षी हात वर जायचाच बंद झाला. इथे एक गोष्ट लिहून ठेवते कारण ती आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती : फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने हात उचलला तरी तो वर जात नाही, जाम असतो. आईचा हात तिने स्वतः डाव्या हाताने धरून उचलला की सगळा वर जायचा, सोडला की धपकन खाली. आपला आपण उचलायला गेली की खांदा कानाकडे उचकायचा आणि हात छातीच्या वर येतच नव्हता. याला सुडोपॅरालिसिस म्हणतात. घरात कोणाचं असं होत असेल तर शेक देत बसू नका, एक्सरे आणि एमआरआय करा.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मॅसिव्ह टेअर आला. खांद्याच्या गोळ्याभोवती चार स्नायूंचे टेंडन असतात, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि पुढून सबस्कॅप्युलॅरिस, या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. त्यातले दोन किंवा जास्त पूर्ण तुटले किंवा भोक ५ सेंटिमीटरच्या वर गेलं की मॅसिव्ह, ३ ते ५ असेल तर लार्ज. आईचे वरचा आणि मागचा दोन्ही गेलेले.

पहिल्यांदा ज्या क्लिनिकला गेलो तिथे आम्ही आत जाऊन बाहेर येईपर्यंत जेमतेम पाच मिनिटं गेली असतील. डॉक्टरांनी रिपोर्टचा शेवटचा पॅरा वाचला, सीडी लावली नाही, हात एकदा वर करायला सांगितला आणि म्हणाले फाटलंय, दुर्बिणीतून शिवून टाकू, चार अँकर (हाडात बसवायचे छोटे खिळे) लागतील, पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा. कदाचित ते उत्तम सर्जन असतीलही, पण आईने विचारलं की शिवल्यावर हात वर जाईल का तर उत्तर आलं जाईल की, का नाही जाणार. बाहेर आल्यावर आईच म्हणाली, “अगं, यांनी माझा खांदा बघितला कुठे?” मला तेव्हाच ठरवावंसं वाटलं की सेकंड ओपिनियन घ्यायचंच.

आता ज्यांचा हा रिव्ह्यू आहे ते युनिट. कोथरूडकडे, वरच्या मजल्यावर ओपीडी. वेटिंग भयंकर, अपॉइंटमेंट अकराची असेल तर एक वाजेल असं धरूनच जा, सोबत डबा आणि पाणी ठेवा. पण आत गेल्यावर जो वेळ देतात तो बघून बाहेर एवढं का थांबावं लागतं ते कळतं. आधी ज्युनिअर डॉक्टरने सगळी हिस्टरी घेतली, मग सरांनी म्हणजे मुख्य सर्जननी स्वतः तपासलं. हात कोपरात वाकवून बाहेरच्या बाजूला नेऊन सोडला तर तो आपोआप पोटाकडे परत येतोय का, पोटावर तळहात दाबता येतो का, दंडाच्या वरचा मोठा डेल्टॉइड स्नायू आकसतोय का, तिथे स्पर्श कळतोय का. डेल्टॉइड एवढा का बघतायत ते तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

मग त्यांनी सीडी लावली. हा भाग मी नीट लिहिते कारण मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. त्यांनी फाटलेली जागा आधी दाखवलीच नाही. खांद्याचं हाड इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसतं अशी एक उभी चीर असते एमआरआयमध्ये, ती काढली आणि म्हणाले, “काकू, हे बघा, या वरच्या खळग्यात तुमचा स्नायू भरून बसायला हवा, करडा दिसायला हवा.” आईचा खळगा अर्धा रिकामा होता आणि जो स्नायू उरला होता त्यात पांढऱ्या रेघाच रेघा. पांढरं म्हणजे चरबी. टेंडन तुटून वर्षानुवर्षं तसंच राहिलं की स्नायूला काम राहत नाही, तो सुकतो आणि त्यात चरबी भरते, आणि नंतर टेंडन शिवलं तरी ही चरबी काही मागे जात नाही. याला गुटॅलियर ग्रेड म्हणतात, १९९४ साली फ्रेंच डॉक्टरांनी सीटी स्कॅनवरून ठरवलेली पद्धत, शून्य ते चार. तीन म्हणजे स्नायू आणि चरबी निम्मे निम्मे, चार म्हणजे चरबीच जास्त. आईचा वरचा तीन, मागचा चार. सर म्हणाले जुन्या इलॅस्टिकसारखं झालंय, ओढून जागेवर आणू शकतो पण ते परत आखडणार नाही, मग शिवून उपयोग काय.

नंतर दाखवलं की टेंडनचं टोक कुठवर मागे सरकलंय, आईचं पार पात्याच्या खोबणीपर्यंत, जिथे दंडाचा गोळा बसतो तिथवर, गेलेलं. आणि शेवटी साधा एक्सरे, ज्याच्याकडे आम्ही कोणी लक्षच दिलं नव्हतं. त्यात दंडाचा गोळा वर सरकून छताच्या हाडाला म्हणजे ॲक्रोमियनला जवळजवळ टेकलेला. ही फट ७ मिलिमीटरच्या खाली गेली की समजायचं कफ बरेच दिवस कामावर नाहीये. शिवाय गोळा आणि खोबणीमधली कूर्चाही झिजायला लागली होती. हे सगळं एका साध्या एक्सरेत दिसत होतं, फक्त कोणीतरी बघायला हवं होतं.

मी तयारी करून गेले होते, इंटरनेटवर वाचून प्रश्न लिहून नेले होते, आणि सरांनी एकेक पर्याय घेऊन तो आईला का लागू पडतो किंवा पडत नाही ते सांगितलं. ते माझ्या शब्दात लिहिते.

पूर्ण रिपेअर, म्हणजे दुर्बिणीतून टेंडन परत हाडाला अँकर आणि दोऱ्याने बांधणं. पेशंट तरुण असेल, चरबीची ग्रेड दोनपर्यंत असेल, टेंडन ताण न देता जागेवर येत असेल तर मोठ्या टेअरमध्ये पण हाच पहिला पर्याय. पण मोठ्या जुन्या टेअरमध्ये शिवलेलं परत सुटायचं प्रमाण जास्त असतं. २००४ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला होता, त्यात मोठे टेअर दुर्बिणीतून शिवलेल्या १८ पेशंटपैकी १७ जणांचं नंतर सोनोग्राफीत परत सुटलेलं दिसलं. गंमत म्हणजे सुटूनही पहिल्या वर्षी बहुतेकांचं दुखणं छान कमी झालं होतं, पुढे मात्र हळूहळू घसरण दिसली. आता अँकर आणि दोऱ्याची पद्धत बरीच सुधारली आहे पण मेलेला स्नायू कुठल्याच अँकरने जिवंत होत नाही. सिगरेट, वाढलेली शुगर, वय, या सगळ्यांनी जुळणं अजून अवघड होतं.

पार्शल रिपेअर म्हणजे भोक पूर्ण बंद होत नसलं तरी पुढचा आणि मागचा भाग जेवढा येतो तेवढा बांधायचा, म्हणजे गोळ्याला दोन्ही बाजूंनी सारखी ओढ मिळते आणि तो मध्ये राहतो. ही बर्कहार्ट नावाच्या अमेरिकन सर्जनची नव्वदच्या दशकातली कल्पना, आजही चालते. आईचा मागचा स्नायूच ग्रेड चार, त्यामुळे मागून बांधायला काही नव्हतंच.

ज्यांचा हात वर जातो पण दुखतं फार, त्यांना दुर्बिणीतून आतली नुसती साफसफाई आणि बायसेप्सचं (दंडाच्या पुढच्या स्नायूचं) लांब टेंडन कापून मोकळं करणं, एवढ्यानेही बराच आराम पडतो. छोटं ऑपरेशन, लवकर घरी. ताकद येत नाही, फक्त दुखणं कमी होतं हे आधी नीट ऐकून घ्यावं लागतं.

फुग्याबद्दल मीच विचारलं, कारण वाचताना ते फार आकर्षक वाटलं होतं. छताचं हाड आणि गोळा यांच्यामध्ये सलाइन भरलेला विरघळणारा फुगा ठेवतात, गोळा खाली राहतो, काही महिन्यांनी फुगा आपोआप विरघळतो. अमेरिकेत २०२१ ला त्याला मान्यता मिळाली. पण इंग्लंडमध्ये त्यावर मोठी चाचणी झाली, २०२२ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि त्यात नुसती साफसफाई केलेले पेशंट फुगा घातलेल्यांपेक्षा बरे निघाले, चाचणी मध्येच थांबवली. सर म्हणाले मी तुम्हाला हे विकणार नाही. असं सरळ सांगणारा माणूस मला आवडतो.

सुपिरिअर कॅप्सूल रिकन्स्ट्रक्शन, जपानच्या मिहाता यांनी आणलेली पद्धत, मांडीच्या बाहेरच्या बाजूचा जाड पडदा काढून खोबणीपासून गोळ्यापर्यंत छतासारखा बसवायचा. तरुण पेशंट, सांधा न झिजलेला, सबस्कॅप्युलॅरिस आणि डेल्टॉइड चांगले, अशांसाठी. आईचा सांधा झिजायला लागलेला म्हणून बाद.

आणि टेंडन ट्रान्सफर, हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. पाठीचा लॅटिसिमस स्नायू सोडवून खांद्याला आणून जोडायचा, ही १९८८ पासूनची स्वित्झर्लंडच्या गर्बर यांची पद्धत, किंवा हल्ली ट्रॅपिझियस या मानेपासून पाठीपर्यंतच्या स्नायूचा खालचा भाग, जो लांबीला कमी पडतो म्हणून मध्ये मांडीमागचं टेंडन जोडावं लागतं. कष्टाचं काम करणाऱ्या, पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला ज्याचा हात बाहेर फिरत नाही पण सांधा शाबूत आहे, त्याला हे करतात. फिजिओला आमच्याबरोबर हडपसरचे एक पेंटरदादा यायचे, त्यांचं हेच केलेलं. हात शरीरापासून बाहेर फिरवून ब्रेसमध्ये बांधलेला, रिक्षात बसताना दार अडवायचा. नवीन जागी जोडलेल्या स्नायूला नवीन काम शिकवावं लागतं, त्यामुळे फिजिओ त्यांना सारखं सांगायची, दादा खांद्याची पाती मागे ओढा मग हात बाहेर जाईल, नुसता हात ओढू नका. आमच्यापेक्षा त्यांची वाट कितीतरी लांबची होती, पण त्यांना शिडीवर चढून परत रोलर मारायचा होता आणि वय कमी होतं, त्यांना त्या वयात कृत्रिम सांधा बसवला असता तर तो किती वर्षं पुरला असता. एकाच तऱ्हेच्या रिपोर्टवर आई आणि पेंटरदादा यांना दोन वेगळी ऑपरेशन सांगणारा डॉक्टर, हे मला त्या युनिटचं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट वाटतं. ज्याच्याकडे एकच ऑपरेशन येतं त्याला प्रत्येक खांदा त्याच ऑपरेशनचा दिसणार.

राहिलं रिव्हर्स. नॉर्मल खांद्यात दंडाकडे गोळा आणि पात्याकडे खोबण. कफ गेला की डेल्टॉइड ओढतो तेव्हा हात फिरायच्या ऐवजी गोळाच वर सरकतो, म्हणून आई उचकायची. रिव्हर्समध्ये गोळा पात्याला बसवतात आणि वाटी दंडाला, त्यामुळे फिरण्याचा केंद्रबिंदू आत आणि खाली जातो, डेल्टॉइडला चांगली पकड मिळते आणि कफ नसताना तो एकटा हात वर नेतो. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमाराला हे चालू केलं. म्हणूनच पहिल्या दिवशी डेल्टॉइड आणि त्याची नर्व्ह एवढी बारकाईने बघितली, तो नसेल तर रिव्हर्सचा काही उपयोगच नाही.

पण लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाही हे मला विशेष आवडलं. आधी काही महिने डेल्टॉइडचे व्यायाम दिले. उताणं झोपायचं, दुसऱ्या हाताने आधार देऊन हात सरळ छताकडे उभा करायचा, मग आधार सोडून तिथल्या तिथे थोडं पुढेमागे हलवायचा, जमायला लागलं की हातात हलकं वजन, मग पाठीमागे उशा लावून हळूहळू बसतं व्हायचं. बऱ्याच वयस्कर पेशंटना एवढ्यानेच हात वर न्यायला जमतं आणि ऑपरेशन टळतं. आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड बँकवाले काका आहेत पर्वतीला, त्यांचा टेअर आईएवढाच पण ते याच व्यायामावर आणि एका इंजेक्शनवर आरामात आहेत, रोज सारसबागेत फिरतात, त्यांना कोणी कापायला सांगितलं नाही आणि सांगूही नये. आईला दुखणं थोडं कमी झालं पण हात काही वर आला नाही, आणि रात्रीची झोप नव्हतीच. मग रिव्हर्स ठरलं.

ठरवताना सरांनी एक प्रश्न विचारला तो मी कधी विसरणार नाही. म्हणाले काकू, संडासला धुवायला कुठला हात वापरता, आणि पाठीमागे हुक कुठल्या हाताने लावता. आई आधी गप्प झाली मग सांगितलं. कारण असं की रिव्हर्सनंतर हात वर जातो पण पाठीमागे पुरेसा जात नाही बऱ्याच जणांचा, आणि बाहेर फिरवायची ताकदही कमी राहू शकते. आईला आधीच सांगितलं की हुक पुढून असलेले ब्लाउज शिवून घ्या आणि डाव्या हाताची सवय करा. जड पराती, गॅसची टाकी, पाण्याची कळशी कायमची बंद. इन्फेक्शन, सांधा निखळणं, छताच्या हाडाला बारीक क्रॅक जाणं, नर्व्ह ताणली जाणं, हे धोकेही एकेक करून सांगितले, कागदावर सही घेण्यापुरते नाही तर समोर बसून. आई सातवी शिकलेली आहे पण तिला सगळं कळलं, घरी येऊन तिनेच बाबांना समजावलं.

ऑपरेशनच्या आधीची तयारी चोख. शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट मनासारखा येईपर्यंत तारीख पुढे ढकलली. दात तपासून घ्यायला लावले. खोबणीचं हाड किती झिजलंय त्यासाठी सीटी. आणि काही दिवस आधीपासून खांद्याला आणि काखेत लावायला बेंझॉइल पेरॉक्साइड जेल दिलं, तेच पिंपल्सचं, कारण खांद्याच्या कातडीत एक जंतू असतो जो पिंपल्समध्येही असतो आणि तो नंतर सांध्यात फार छुपं इन्फेक्शन करतो.

ऑपरेशनच्या दिवशी मानेत ब्लॉक (हात बधिर करणारं इंजेक्शन) दिला शिवाय जनरल भूल. बाहेर आल्यावर आईचा आवाज घोगरा आणि हात पूर्ण बधिर, आम्ही घाबरलो असतो पण भूलतज्ज्ञ मॅडमनी आदल्या दिवशीच खोलीत येऊन सांगून ठेवलेलं की असं होईल आणि उतरेल, दुसऱ्या दिवशी उतरलं. रात्रपाळीच्या सिस्टरांबद्दल मुद्दाम लिहायचंय, कोपराखाली उशी ठेवल्याशिवाय आईला पाठीवर झोपू देत नव्हत्या कारण कोपर मागे पडलं की सांध्यावर ताण येतो, रात्री येऊन येऊन बघून जायच्या. बेड आणि स्वच्छता चांगली. जेवण बेचव पण वेळेवर.

आता तक्रारी. बिलिंग आणि टीपीए (इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या) डेस्कला रेटिंग द्यायचं तर पाचपैकी दोन. डिस्चार्ज सकाळी लिहिला, प्रत्यक्ष निघालो संध्याकाळी, मध्ये कोणी धड उत्तर देत नव्हतं, आई खुर्चीत अवघडून बसलेली. एस्टिमेटमध्ये इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा, आम्ही मागितल्यावर दिली, आपणहून दिली नव्हती. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली त्यात खांदा नव्हता, त्यामुळे कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, किंमत किती, हे आधीच विचारावं लागतं, आणि इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवलेले आहेत का ते बघून घ्या, पुढे कधी रिव्हिजन म्हणजे सांधा बदलायचं ऑपरेशन करायची वेळ आली तर त्याचाच आधार. पॉलिसी असेल तर दोन गोष्टी बघा, जॉइंट रिप्लेसमेंटला वेटिंग पिरियड आहे का (दुर्बिणीचं ऑपरेशन आणि रिप्लेसमेंट यांचे नियम वेगळे असू शकतात), आणि रूम रेंटची मर्यादा, कारण मर्यादेच्या वरची रूम घेतली की नुसतं रूमचं भाडं कापत नाहीत, बाकीच्या बिलातल्या बऱ्याच खर्चांतही त्या प्रमाणात कापू शकतात. पार्किंग नाहीच म्हणा, कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये पेशंटला गेटवर उतरवून गाडी लांब लावावी लागते, रिक्षा बरी.

फिजिओथेरपी त्याच बिल्डिंगमध्ये, आणि ती मुलगी म्हणजे हिरा आहे. सुरुवातीचे आठवडे स्लिंग, फक्त बोटं, मनगट, कोपर हलवायचं, आणि दोन सक्त नियम : खुर्चीतून उठताना त्या हातावर जोर द्यायचा नाही, आणि हात पाठीमागे न्यायचा नाही. या दोन्हीत सांधा निखळायची भीती असते. मग हळूहळू आधार देऊन वर, दीडेक महिन्यानंतर स्वतःहून, ताकदीचे व्यायाम त्याच्याही नंतर. रिपेअर केलेल्या पेशंटना याहून जास्त धीर धरावा लागतो असं तिथे बघून कळलं, टेंडन हाडाला धरायला तीन महिने तरी लागतात, दुखत नाही म्हणून आधीच हात वापरला की शिवलेलं सुटतं, आणि पूर्ण ताकद यायला सहा महिने ते वर्ष जातं. ऑपरेशन ठरवताना घरात कोण असणार, आंघोळ कोण घालणार, वेणी कोण घालणार याचा विचार करा, आमच्याकडे वहिनी होती म्हणून निभावलं.

एक मोठी खटकणारी गोष्ट म्हणजे व्यायामाचे छापील कागद फक्त इंग्रजीत. ओपीडीत बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना ते वाचता येत नसणार, भोर, मुळशी, दौंडकडून लोक येतात. त्या फिजिओने आईच्या वहीत मराठीत स्वतः लिहून दिलं, चित्र काढून, “उशी कोपराखाली, खांदा कानाकडे नेऊ नका, दहा वेळा”, आई ती वही समोर उघडी ठेवूनच व्यायाम करायची. मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलंय आणि इथेही लिहिते, मराठी कागद छापून घ्या, फार खर्च नाही. अर्धा मार्क यासाठी कापलाय.

आता आईचं म्हणाल तर हात डोक्याच्या वर जातो, स्वतःचे केस विंचरते, डोक्याच्या उंचीच्या फळीवरून चहापत्तीचा डबा काढते. रात्री त्या कुशीवर अजून झोपत नाही पण गोळी न घेता झोपते. पाठीमागे हात कमरेपर्यंतच जातो, जसं सांगितलं होतं तसंच, त्यामुळे त्याचं तिला वाईट वाटत नाही. लाटायला बसते, घरापुरत्या पोळ्या करते, केंद्राच्या नाही.

जाणार असाल तर एमआरआयचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या, आणि एक्सरे उभं राहून समोरून काढलेला ताजा असू द्या. डॉक्टरांनी सीडी लावली नाही तर तुम्हीच म्हणा लावा म्हणून. स्नायूत चरबी किती आहे, टेंडन कुठवर सरकलंय, सांधा झिजलाय का, ऑपरेशन न करता काय करून बघता येईल, आणि तुम्ही सांगताय ते सोडून दुसरं कुठलं ऑपरेशन माझ्यासारख्याला करतात आणि मला ते का नको, एवढं विचारा. जो शांतपणे उत्तर देईल त्याच्याकडे करा, मग ते हॉस्पिटल कुठलंही असो. आणि सीडी परत मागून घ्या, फाइलला लावून ठेवून घेतात आणि नंतर सापडत नाही.